तालुक्याच्या ठिकाणी आयसीयू उभारताना

विदर्भातील ग्रामीण रुग्णालयात अतिदक्षता विभागाचा आराखडा करण्यापूर्वी तेथे कोणते रुग्ण येणार आहेत हे लिहून काढावे; यंत्रांची यादी त्यानंतर करावी. पावसाळ्यात सर्पदंश, कपाशीवरील फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकांची विषबाधा आणि मे महिन्यात उष्माघात, असे येथील वेळापत्रक जवळपास ठरलेले आहे.

मण्यार चावलेल्या रुग्णाचे उदाहरण आराखड्यासाठी विशेष उपयोगी आहे. त्याचे स्नायू लुळे पडतात, पापण्या उघडत नाहीत आणि श्वास व्हेंटिलेटरवर चालतो. मात्र शुद्ध शाबूत असू शकते आणि आजूबाजूचे सारे बोलणे त्याला ऐकू येत असते. म्हणून नातेवाइकांशी रुग्णाच्या प्रकृतीविषयी बोलण्यासाठी वेगळी छोटी खोली ठेवावी, दिवे थेट चेहऱ्यावर येणार नाहीत असे बसवावेत, ते रात्री मंद करता यावेत, आणि अलार्मचा आवाज परिचारिकेपर्यंत पोहोचेल पण शेजारच्या खाटेवरील रुग्णाला झोपू देईल अशी मॉनिटरची मांडणी करावी. खिडकी अवश्य असावी, कारण दिवस-रात्रीचे भान सुटलेला रुग्ण लवकर भ्रमिष्टासारखा वागू लागतो. फक्त ती पश्चिमेला नको.

विषबाधेच्या रुग्णासाठी विभागाच्या बाहेर, तातडीच्या कक्षालगत, अंघोळ घालण्याची उताराची फरशी आणि नळ हवा. कीटकनाशकाने भिजलेले कपडे आत आले, तर कर्मचाऱ्यांनाही त्याची बाधा होऊ शकते.

प्रत्येक खाटेला १०० ते १२५ चौरस फूट जागा धरावी आणि उशाकडील भिंतीपासून खाट दोन फूट पुढे ठेवावी, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालताना डॉक्टरला डोक्यामागे उभे राहता येते. परिचारिकेच्या टेबलावरून प्रत्येक रुग्णाचा चेहरा दिसलाच पाहिजे. हात धुण्याचे बेसिन तिच्या रोजच्या वाटेतच असावे. कोपऱ्यातल्या बेसिनपर्यंत घाईच्या वेळी कोणी जात नाही. तिच्यासाठी स्वच्छतागृह आणि बसून जेवता येईल अशी खोली त्याच मजल्यावर ठेवावी. खर्च कमी करताना याच दोन गोष्टींवर सर्वांत आधी काट मारली जाते, आणि ते चुकीचे आहे.

उन्हाळ्यात कूलर लावण्याचा मोह येथे फार होतो. परंतु कूलर दमटपणा वाढवतो आणि त्याच्या साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, तेव्हा आयसीयूत तो लावूच नये.

प्राणवायूचा हिशेब आधी करावा. सुमारे ७,००० लिटरचा जम्बो सिलिंडर मिनिटाला ६० लिटर या वेगाने दोन तासही पुरत नाही. हवेतून प्राणवायू वेगळा करणारा प्रकल्प वीज गेली की थांबतो, त्यामुळे जनरेटर असला तरी सिलिंडरची राखीव रांग जोडलेली असावी. जनरेटर सुरू होईपर्यंतच्या वेळेत व्हेंटिलेटर आणि मॉनिटर यूपीएसवर चालावेत.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विशेष कक्षाला लागलेल्या आगीत १० बालके दगावली. प्राणवायू आणि विजेची उपकरणे एकत्र असलेल्या खोलीला बाहेर पडण्याचे दुसरे दार अनिवार्य समजावे. त्यातून खाट यंत्रासह सरळ निघाली पाहिजे, आणि त्या दाराला कुलूप किंवा त्याच्यासमोर सलाईनचे खोके कधीही नसावेत.