ड्रायव्हिंग सिम्युलेटर बनवताय? मग इंजिन आणि ग्राफिक्स कार्ड असं पारखून घ्या

2021 मध्ये मान्यताप्राप्त ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरचे नियम आले आणि त्यात सिम्युलेटर हवाच असं म्हटलंय, त्यामुळे छोट्या टीमसुद्धा आता या कामात उतरतायत. आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, अनरियल भारी की युनिटी (दोन्ही गेम इंजिनं, म्हणजे सीन आणि गाडी चालवणारी तयार सॉफ्टवेअर), आणि ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ? यूट्यूबवरचे बेंचमार्क बघून याचं उत्तर मिळत नाही, कारण ते गेमचे असतात आणि त्यात ॲव्हरेज एफपीएस, म्हणजे सेकंदाला सरासरी किती फ्रेम (चित्रं) दिसतात ते सांगतात. सिम्युलेटरमध्ये ॲव्हरेजला काडीची किंमत नाही, शिकणारा माणूस वळणावर असताना एक फ्रेम अडकली की गाडी हिसका दिल्यासारखी वाटते आणि काही जणांना मळमळायला पण लागतं.

म्हणून आधी कागदावर एक आकडा लिहा. 60 हर्ट्झचे मॉनिटर असतील तर एका फ्रेमला 16.67 मिलिसेकंद मिळतात, 90 हर्ट्झचा व्हीआर हेडसेट असेल तर फक्त 11.1, आणि ट्रॅफिक, गाडीचं फिजिक्स, आरसे, सगळं त्यातच बसवायचं. व्हीसिंक (फ्रेम मॉनिटरच्या रिफ्रेशशी जुळवून दाखवायची सेटिंग) चालू असताना 60 हर्ट्झवर एखादी फ्रेम 17 मिलिसेकंदांना गेली तरी ती पुढच्या रिफ्रेशपर्यंत थांबते, म्हणजे स्क्रीनवर थेट 33 मिलिसेकंदांचा झटका. 1990 च्या दशकात सिलिकॉन ग्राफिक्सच्या ऑनिक्स मशीनवर लाखो डॉलर घालून हेच काम करायचे, आणि त्यांच्या आयरिस परफॉर्मर लायब्ररीत फ्रेमवर ताण वाढला की लांबच्या वस्तूंचं डिटेल आपोआप कमी करायची सोय होती, कारण चित्र थोडं साधं दिसलं तरी चालेल पण फ्रेम चुकायला नको हे तेव्हाच कळलं होतं. आज दोन्ही इंजिनांमध्ये डायनॅमिक रिझोल्युशन आहे, म्हणजे ताण वाढला की रिझोल्युशन आपोआप उतरतं, ते चालू करून बघाच.

आता टेस्ट सीन. डेमो सीन डाउनलोड करून तुलना करू नका, स्वतःचा सीन बनवा, घाणेरडा दिसला तरी चालेल पण त्यात तुमचं खरं ओझं पाहिजे. ड्रायव्हिंगमध्ये खरं ओझं म्हणजे आरसे! आतला एक आणि बाहेरचे दोन, प्रत्येक आरसा म्हणजे सीन परत एकदा रेंडर करायचा (त्याचं चित्र परत काढायचं), आणि गेमच्या बेंचमार्कमध्ये हे कुठेच दिसत नाही. अनरियलमध्ये त्यासाठी सीन कॅप्चर (आरशाचं चित्र टिपणारा जादा कॅमेरा) वापरतात आणि ते तसंच सोडलं तर सावल्या, पोस्ट प्रोसेसिंग सगळं परत मोजत बसतं, ते बंद करायचं, आरशाचं रिझोल्युशन कमी ठेवायचं आणि एका फ्रेमला एकच आरसा अपडेट करायचा. युनिटीत जादा कॅमेरा आणि रेंडर टेक्स्चर (त्या कॅमेऱ्याचं चित्र जिथे उतरतं ते), खर्चाचं गणित तेच.

दुसरी गोष्ट लांबच्या पाट्या. अनरियलचं नेहमीचं टीएसआर (मागच्या फ्रेम मिसळून कडा गुळगुळीत करायची पद्धत) चित्र छान मऊ करतं पण हलत्या पाटीवरची अक्षरं कधीकधी फरफटल्यासारखी दिसतात, आणि शिकणाऱ्याला तर पाटी वाचता आलीच पाहिजे. फॉरवर्ड रेंडरर (चित्र काढायची दुसरी, साधी पद्धत) आणि एमएसएए (मागच्या फ्रेम न मिसळता कडा गुळगुळीत करणारं) घेऊन तोच रस्ता परत चालवून बघा, लुमेन (अनरियलची चालू असताना प्रकाश मोजायची सोय) सोडावं लागेल पण रस्त्याच्या सिम्युलेटरला प्रकाश आधी बेक करून (एकदाच मोजून साठवून) ठेवला तरी भागतं असं माझं मत आहे. युनिटीच्या यूआरपीत, म्हणजे तिच्या हलक्या रेंडररमध्ये, हे सगळं हलकं पडतं. गोडो हे तिसरं इंजिन फुकट आहे, एमआयटी लायसन्स (मोकळं वापरायची परवानगी), पण तीन स्क्रीन आणि मोठं शहर म्हटलं की बरंच काही हाताने करायची तयारी ठेवा.

फ्रेमचा वेळ मोजायला प्रेझेंटमॉन किंवा कॅपफ्रेमएक्स ही सॉफ्टवेअर घ्या, दोन्ही फुकट. कॅमेऱ्याचा ठरलेला मार्ग, तोच ट्रॅफिक, आणि अर्धा तास सलग, कारण पहिल्या पाच मिनिटांत लॅपटॉप पण हिरो असतो, नंतर तापून स्पीड उतरतो (नागपूरच्या मे महिन्यात एसीशिवायच्या खोलीत तर विचारूच नका). मग 99 पर्सेंटाइल फ्रेमटाइम (100 पैकी 99 फ्रेम ज्या वेळेच्या आत होतात तो आकडा) आणि सगळ्यात वाईट फ्रेम बघायची. रिझोल्युशन अर्धं करून आकडा हललाच नाही तर अडचण सीपीयूची आहे, महाग कार्ड घेऊन काही होणार नाही. अनरियलमध्ये पहिल्यांदा चालवताना शेडर (कार्डावर चालणारे रंग-प्रकाशाचे छोटे प्रोग्राम) कंपाइल होताना झटके येतात, ते वेगळे धरा.

लेटन्सी, म्हणजे स्टीअरिंग आणि चित्र यांच्यातला उशीर, मोजायला फोन पुरतो. 240 एफपीएसचा स्लो मोशन लावा, स्टीअरिंग आणि स्क्रीन एकाच शॉटमध्ये घ्या, स्टीअरिंग हललं तिथून चित्र हलेपर्यंत फ्रेम मोजा, एक फ्रेम म्हणजे साधारण 4.2 मिलिसेकंद. ताशी 60 किलोमीटरला 100 मिलिसेकंद उशीर म्हणजे गाडी दीड मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. एनव्हिडियाच्या डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम अंदाजाने बनवून घालणं) इथे बंदच ठेवा, एफपीएसचा आकडा फुगतो आणि उशीर उलट वाढतो.

कार्डात व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) बघा. तीन फुल एचडी स्क्रीन म्हणजे जवळपास 62 लाख पिक्सेल, एका 4केच्या 83 लाखांपेक्षा कमी, पण प्रत्येक स्क्रीनला वेगळा कॅमेरा लावावा लागतो, एकच रुंद कॅमेरा ताणला तर कडेच्या गाड्या पसरट दिसतात. 8 जीबी भरली की टेक्स्चर पीसीआय मधून सिस्टिम रॅमकडे जायला लागतात आणि नेमके तिथेच झटके येतात, त्यामुळे एनव्हिडियाच्या 8 जीबीच्या आरटीएक्स 4060 पेक्षा 12 जीबीवाला जुना 3060 किंवा 16 जीबीचा 4060 टीआय तुमच्या सीनवर चालवून बघण्यासारखा आहे. क्वाड्रो सिंक (अनेक कार्डांची चित्रं एकाच वेळी बदलायला लावणारं एनव्हिडियाचं जादा कार्ड) आणि त्याला चालणारी प्रोफेशनल कार्डं अनेक पीसी मिळून एकच चित्र दाखवायचं असेल तेव्हा लागतात, एका पीसीवरच्या तीन मॉनिटरला त्यात पैसे घालू नका.

लायसन्स शेवटी बघतात लोक, तुम्ही आधी बघा. अनरियलमध्ये ॲप दुसऱ्यांना विकलं तर त्या प्रॉडक्टच्या 10 लाख डॉलरच्या पुढच्या कमाईवर 5 टक्के रॉयल्टी, युनिटीने 2023 मध्ये इन्स्टॉलवर फी लावायची घोषणा केली आणि 2024 मध्ये मागे घेतली, म्हणजे नियम बदलतात, तेव्हा ज्या व्हर्जनवर काम चालू आहे त्याच्या अटी सेव्ह करून ठेवा. आणि दुकानात जाताना तुमचा टेस्ट बिल्ड पेनड्राइव्हवर घेऊन जा, अर्धा तास चालवू दिला तरच कार्डाचे पैसे द्या.