सही करून मग वकील शोधू नका: गोव्यातल्या जमिनीच्या आणि वारशाच्या कामात या चुका टाळा

फोंड्यात मी दिवाणी वकिली करते. जमीन, वारसा, इन्व्हेंटरी (म्हणजे मयताच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याचं न्यायालयातलं काम) हेच माझं काम. येणारा माणूस बहुतेक वेळा सही झालेला कागद घेऊनच दारात उभा राहतो आणि म्हणतो, "वकीलबाई, एवढं जरा निस्तरा." सही करण्यापूर्वी जे काम काही आठवड्यांत झालं असतं, ते आता काही वर्षांवर गेलेलं असतं.

सगळ्यांत महाग पडणारी चूक म्हणजे नुसता एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीचा कागद, बघून जमीन घेणं. उताऱ्यात नाव आहे म्हणजे मालक, हा समज किती जणांना समजावला याची गणतीच नाही. उताऱ्यातली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानतात, एवढंच तिचं वजन. मालकी तिच्यामुळे मिळत नाही. गोवा मुक्तीनंतर जमिनीची मोजणी झाली तेव्हा घरी जो हजर होता त्याचंच नाव अनेक ठिकाणी लागलं. बाकीची भावंडं मुंबईला, बहिणी सासरी.

असाच एक तरुण माझ्याकडे आला होता. घर बांधायला प्लॉट घेतलेला, विकणारा घरातला थोरला, उताऱ्यात त्याचं एकट्याचं नाव. खरेदीखत झालं, पैसे दिले. बँकेच्या वकिलाने कर्जासाठी कागद तपासले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "विकणाऱ्याच्या बायकोची सही कुठाय?" मग एकेक उलगडत गेलं. वडील वारलेले, आई हयात, मागे तीन बहिणी. इन्व्हेंटरी झालेलीच नव्हती. आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. म्हणजे अर्धा वाटा आईचा आणि वडिलांचा अर्धा चार मुलांत. थोरल्याच्या वाट्याला आला एक अष्टमांश, तोही बायकोसह आणि वाटणी न झालेला. त्याने विकली होती अख्खी जमीन. धाकट्या बहिणीने दावा लावला आणि तिचं बरोबरच होतं. माझ्या अशिलाने शेवटी आई आणि बहिणींना वेगळे पैसे दिले तेव्हा कुठे जमीन त्याची झाली. तोवर मूल शाळेत जायला लागलं होतं आणि घराचा पायाही खणलेला नव्हता.

तेव्हापासून मी उतारा शेवटी बघते. आधी कोऱ्या कागदावर विकणाऱ्याची वंशावळ लिहून घेते. सुना-जावयांसकट, मेलेल्यांसकट. एकही नाव गाळू देत नाही. मग वारसाहक्काचा दाखला किंवा इन्व्हेंटरीचा निवाडा मागते, सब-रजिस्ट्रारकडे सर्च घेते, म्हणजे जुन्या नोंदी शोधून बघते, जुने पोर्तुगीज कागद असतील तर जाणकाराकडून वाचून घेते. आणि एकदा स्वतः जमिनीवर जाऊन शेजाऱ्याशी बोलते. कागदात नसलेली चुलती शेजाऱ्याला ठाऊक असते. "आठवड्यात करून द्या, पार्टी हातची जाईल" म्हणणाऱ्याला मी सरळ सांगते की जाऊ दे. नवीन जुनियर वकिलांचाही मला यासाठीच राग येतो. जुन्या खरेदीखताचा मसुदा उघडतात, नावं बदलतात आणि काम झालं म्हणतात.

मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत मालकाच्या संमतीने घर करून राहणाऱ्याचं, घर लपवणं ही दुसरी खोड. भाटात, म्हणजे बागायतीत, एक घर दिसतंय, विचारलं तर "तो आमचाच माणूस, काही बोलणार नाही." १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला संरक्षण आहे, आणि कोणी मुंडकार आहे की नाही हे मामलेदार ठरवतो. दिवाणी न्यायालयात घातलेले पैसे आणि वर्षं तिथे वाया जातात. आपल्या वकिलापासून असं काही लपवू नका. समोरचा वकील ते न्यायालयात काढणारच.

कोणताही वकील कोणतंही काम करतो, हे धरून चालू नका. जामिनासाठी माझ्याकडे आलेल्याला मी फौजदारी करणाऱ्या सहकाऱ्याकडे पाठवते, आणि मामलेदाराकडचं कूळ-मुंडकाराचं काम रोज करणारे वेगळे आहेत. पहिल्याच भेटीत विचारा, "हे काम तुम्ही नेहमी करता का?"

व्यवहारात मिळालेला चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला नोटीस गेली पाहिजे. "देतो देतो" ऐकत बसू नका.

दाव्याचं समन्स घेतल्यावर लेखी कैफियतीला, म्हणजे लेखी उत्तराला, ३० दिवस असतात, न्यायालयाने वाढवले तरी ९०. समन्स देव्हाऱ्यामागे ठेवू नका.

राहिलं मृत्युपत्र. मोबाइलवर उतरवलेला नमुना भरून "सगळं धाकट्याला" असं लिहून आणतात. मुलं असतील तर आपल्या वाट्यातला निम्माच भाग इच्छेप्रमाणे देता येतो, म्हणजे नवरा-बायकोच्या सामाईक मालमत्तेतला एक चतुर्थांश. बाकीचा मुलांसाठी राखीव. फ्लॅट मुंबईत आहे म्हणून तिथला कायदा लागेल, हेही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं की गोमंतकीयाच्या वारशाला, मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी, गोव्याचाच कायदा लागतो. म्हणून मृत्युपत्र स्पेशल नोटरीपुढे, म्हणजे सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात जाऊन करा. जाताना लग्नाचा दाखला आणि सगळ्या मुलांची नावं बरोबर घ्या, ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचंसुद्धा.