अमेरिकेत पोरांना पब्लिक (म्हणजे सरकारी) स्कूलमध्ये घालताय? डिस्ट्रिक्टकडून काय काय मागून घ्यायचं

अमेरिकेत नव्यानं आलेली आपली मंडळी घर भाड्यानं घेताना शाळेचं रेटिंग बघतात, दहापैकी आठ-नऊ दिसलं की काम झालं. पण ती शाळा ज्या डिस्ट्रिक्टखाली (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेखाली) येते ते पोरांसाठी नि आईबापांसाठी काय काय सोयी ठेवून आहे हे फारसं कोणी विचारत नाही, आणि न विचारता कोणी घरी आणूनही देत नाही. जिथं जगभरातली पोरं एका वर्गात बसतात अशा डिस्ट्रिक्टात तर सोयी भरपूर असतात, फक्त मागाव्या लागतात, त्याही तोंडी नाही, ईमेलवर.

आधी ॲडमिशन, म्हणजे तिकडचं एनरोलमेंट. डोनेशन नाही, फी नाही, आईबापांची मुलाखत नाही. घराचं लीज किंवा लाईटबिल, पोराच्या वयाचा पुरावा आणि लसीचं कार्ड, बहुतेक ठिकाणी एवढ्यावर भागतं. इमिग्रेशन स्टेटसवरून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, सुप्रीम कोर्टानं १९८२ मध्ये प्लायलर विरुद्ध डो केसमध्ये ते ठरवून टाकलंय. फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना दिसला तर घाबरू नका, एच-फोरवरच्या, म्हणजे एच-वनवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या, पोरांना तो मिळतच नाही, आणि तो नाही म्हणून शाळा अडवूही शकत नाही.

खरी अडचण लसीच्या कार्डावर येते. आपल्याकडं गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात देतात, तिकडं पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरत नाहीत. त्यात सरकारी दवाखान्यात एमआर (गोवर-रुबेला) दिली असेल तर तिच्यात गालगुंडाची लस नसते, आणि कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाहीच, मग तिथं गेल्यावर पोराला दोन-तीन सुया जास्तीच्या. दुसरं म्हणजे तारखा. आपण ०५/०८ लिहितो ते ५ ऑगस्ट, शाळेची नर्स वाचणार ८ मे, त्यामुळं निघायच्या आधीच आपल्या डॉक्टरांकडून महिना अक्षरात लिहिलेलं कार्ड करून घ्या. शाळेनं टीबीची टेस्ट मागितली तर बीसीजी (टीबीची लस) घेतल्याचं सांगा आणि रक्ताची टेस्ट चालेल का विचारा, कारण बीसीजीमुळं हातावरची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रेच्या फेऱ्या सुरू.

मग येतो होम लँग्वेज सर्व्हे, साधा एका पानाचा फॉर्म: पोर पहिली कोणती भाषा बोललं, घरात कोणती बोलता. इथं आपले बरेच लोक बिनधास्त इंग्लिश लिहून मोकळे होतात, का तर मराठी लिहिलं की पोराला ईएसएलमध्ये (इंग्लिश कच्चं असलेल्या पोरांच्या वर्गात) टाकतील, मागं पडेल. माझं म्हणणं, खरं ते लिहा. मराठी लिहिलं म्हणून कोणी लगेच ईएसएलमध्ये टाकत नाही, आधी ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं यांची टेस्ट होते आणि पोर पास झालं तर विषय संपला. नाही झालं तर जास्तीची मदत मिळते, फुकट, आणि नकोच असेल तर आईबाप लेखी नकार देऊ शकतात. मदतीचा हा हक्क सहजासहजी मिळालेला नाही, सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी कुटुंबांनी केस लढवली तेव्हा १९७४ चा लाऊ विरुद्ध निकोल्स निकाल आला.

आजी-आजोबा पोरांना सांभाळत असतील किंवा आईला इंग्लिशची सवय नसेल तर दुभाषी मागा. मराठीचा माणूस शाळेत नसेल, पण बऱ्याच डिस्ट्रिक्टांकडं फोनवरून दुभाषी जोडून द्यायची सोय असते आणि त्याचे पैसे तुमच्याकडून घेत नाहीत. पोरालाच दुभाषी करून मीटिंगला बसवू नका, स्वतःबद्दलची तक्रार कोणतं पोर धड सांगेल!

पोर बोलायला उशीर करतंय, वाचताना अडखळतंय, वर्गात लक्ष नाही, असं असेल तर "होईल मोठं झाल्यावर" म्हणत बसू नका, हे आपल्यात फार चालतं. प्रिन्सिपलला ईमेल करा: अमुक इयत्तेत शिकणाऱ्या माझ्या मुलाचं स्पेशल एज्युकेशनसाठी मूल्यमापन व्हावं अशी माझी विनंती आहे, मला या या गोष्टी दिसतात, लेखी उत्तर द्या. तुम्ही संमतीची सही केली की केंद्राच्या नियमाप्रमाणं ६० दिवसांत मूल्यमापन व्हायला हवं, काही राज्यांची मुदत वेगळी आहे. पात्र ठरलं तर आयईपी, म्हणजे त्या पोरासाठी खास आखलेला लेखी शिक्षणाचा प्लॅन, बनतो, स्पीच थेरपीसारख्या गोष्टी शाळेतच आणि फुकट. मीटिंगमध्ये कागद पुढं केला तरी तिथल्या तिथं सही करायची गरज नाही, घरी नेऊन वाचा. दमा, शेंगदाण्याची ॲलर्जी अशा गोष्टींसाठी ५०४ प्लॅन, म्हणजे शाळेनं काय सोय करायची त्याचा लेखी प्लॅन, मागा. औषध मात्र डब्यातून पाठवू नका, डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म भरून नर्सकडं द्या.

जेवणाचा फॉर्म. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत सगळ्याच पोरांना जेवण फुकट आहे. बाकी बऱ्याच ठिकाणी उत्पन्नावर ठरतं, आणि तो फॉर्म वर्षात कधीही भरता येतो, म्हणजे फेब्रुवारीत नोकरी गेली तर फेब्रुवारीत भरा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि काही अडलंच तर आधी टीचर, मग काउन्सेलर किंवा प्रिन्सिपल, मग डिस्ट्रिक्ट ऑफिस. तिथंही दाद लागली नाही तर स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जा, बऱ्याच बोर्डांत पालकांना बोलायला दोन-तीन मिनिटं देतात, फक्त नाव आधी नोंदवावं लागतं का ते अजेंड्यावर बघून घ्या, आणि तोवरच्या सगळ्या ईमेलच्या प्रिंट बरोबर न्या.