शिलाई मशीन घेताना कंपन्यांची तुलना कशी करावी

एकाच कंपनीच्या दोन मशीनमध्ये जेवढा फरक असतो, तेवढा पुष्कळदा दोन कंपन्यांच्या सारख्या मशीनमध्ये नसतो. म्हणून ‘उषा चांगली की सिंगर, की ब्रदर?’ या प्रश्नापासून सुरुवात करू नका. आधी काय शिवायचं ते ठरवा, मग त्या कामाला लागणारा प्रकार ठरवा, आणि त्या एकाच प्रकारातल्या दोन-तीन कंपन्या समोरासमोर ठेवा.

प्रकार आधी

काळी, सरळ टाक्याची मशीन पायडलवर चालते आणि पुढे तिला मोटर लावता येते. उषा, सिंगर यांच्याशिवाय लुधियानात बनणारी कितीतरी नावं या प्रकारात आहेत. पांढरी झिगझॅग (नागमोडी टाका घालणारी) मशीन विजेवर चालते, काज करते, कडा बांधते. इथे उषा जानोमे, सिंगर आणि ब्रदर ही नेहमी दिसणारी नावं. तिसरी औद्योगिक मशीन, जुकी किंवा जॅकसारख्या कंपन्यांची. ती टेबलात बसवलेली असते, तिला तेल आपोआप पोचतं आणि ती मिनिटाला ४,००० ते ५,००० टाके घालते. घरगुती झिगझॅग साधारण ७०० ते ८०० वर थांबते.

घरून ब्लाऊज, पेटीकोट, ड्रेस शिवून द्यायचे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: मोटर लावलेली काळी मशीन घ्या. पन्नास-साठ प्रकारचे टाके घालणाऱ्या मशीनसाठी जास्तीचे पैसे घालू नका. त्यातले चार-पाच टाकेच रोज लागतात. मुलांचे कपडे, टी-शर्ट, घरची दुरुस्ती असं मिश्र काम असेल तर झिगझॅग. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर घ्यायची असेल तरच औद्योगिक मशीनचा विचार करा, आणि ती घेताना सर्वो मोटर मागा. दुसऱ्या प्रकारची, म्हणजे क्लच मोटर, बटण चालू केल्यापासून फिरतच राहते, हात थांबला तरी. सर्वो मोटर पायडल दाबल्यावरच फिरते, म्हणून आवाज आणि वीजबिल दोन्ही कमी.

कापड सोबत न्या

ही पायरी बहुतेक जण सोडून देतात आणि खरी तुलना इथेच होते. दुकानदार दाखवताना जाडसर, कडक सुती तुकडा देतो. त्यावर कुठलीही मशीन सुंदर शिवते. नागपूरच्या गांधीबागेत कापड घ्यायला जाल तेव्हा चार तुकडे वेगळे बाजूला काढा: पॉपलीन, जॉर्जेट, ताणलं जाणारं होजिअरी आणि जुन्या जीन्सचा पाय. दोन रंगांचे दोरे घ्या, वर लाल आणि बॉबिनमध्ये (खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळात) पांढरा. प्रत्येक मशीनवर हेच तुकडे, हेच दोरे आणि कापडाला शोभेल अशी नवी सुई वापरा: जॉर्जेटला ११, पॉपलीनला १४, जीन्सला १६ नंबर.

पॉपलीनचे दोन थर शिवून उलटसुलट बघा. वरच्या बाजूला पांढरा दोरा डोकावत असेल किंवा खाली लाल दिसत असेल, तर टेन्शनचं (दोऱ्याच्या ताणाचं) बटण फिरवायला सांगा. दोन-तीनदा फिरवूनही दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या मध्ये बसत नसेल तर ती मशीन बाजूला ठेवा. मग १० सेंटीमीटरची रेघ आखा, टाका अडीच मिलिमीटरवर ठेवा आणि टाके मोजा. ४० च्या जवळपास यायला हवेत. याच रेघेवर कापडाला नुसतं बोट लावून शिवा. कापड एका बाजूला सरकत असेल तर कापड पुढे ढकलणारे दाते किंवा वरून कापड दाबून धरणारी दाबपट्टी नीट बसलेली नाही.

जॉर्जेट सुईखालच्या पट्टीच्या छिद्रात ओढलं जातं का ते शिवण सुरू करतानाच कळतं. होजिअरीला बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई लावा आणि टाके सुटतात का पाहा. जीन्सची चार थरांची शिवण सर्वांत बोलकी. थरांच्या अगदी समोर मशीन थांबवा आणि तिथूनच पुन्हा चालवा. कमकुवत मोटर गुणगुणते पण सुई उचलत नाही. इथे हाताने चाक फिरवून मदत करू देऊ नका.

मे महिन्यात हे सगळं दुपारी करायला जाऊ नका. ४५ अंशांच्या उन्हातून आलेलं गिऱ्हाईक पहिलीच मशीन पसंत करून मोकळं होतं. सकाळी दुकान उघडताच जा.

किंमत कशी लावायची

सांगितलेली किंमत नुसत्या हेडची (वरच्या मशीनची) आहे की स्टँड, फळी, मोटर धरून, हे आधी विचारा. एका दुकानात स्वस्त वाटणारी मशीन पुष्कळदा याच कारणाने स्वस्त असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून शिलाई मशीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुनं दरपत्रक दाखवलं तर बिलावर कर किती लागतो ते बघा. शिंपीकाम करणाऱ्यांना पीएम विश्वकर्मा योजनेतून कौशल्य पडताळणीनंतर अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळू शकतं, आणि ५ टक्के व्याजाने १ लाखापर्यंतचं पहिलं कर्जही. घ्यायच्या आधी याची चौकशी करा.

मग बॉबिन, बॉबिन केस, शटल (खालचा दोरा अडकवणारा भाग), बेल्ट यांचे भाव विचारा. हे भाग झिजणारच. काळ्या मशीनचे भाग जवळपास सगळ्यांचे एकमेकांना चालतात, म्हणून तिचा पुढचा खर्च कमी. झिगझॅगचे बरेच भाग कंपनीचेच लागतात. औद्योगिक मशीनची गोल दांड्याची सुई घरगुती मशीनला बसत नाही, तेव्हा सुया घेताना मशीनचा प्रकार सांगा.

मिस्त्रीला विचारा

तुमच्या वस्तीतल्या दोन टेलरना विचारा, त्यांची मशीन कोण दुरुस्त करतं. त्या मिस्त्रीला गाठून विचारा, की कोणत्या मशीन त्याच्याकडे परत परत येतात आणि कोणत्यांचे भाग एका दिवसात मिळतात. उमरेड, काटोल, रामटेककडे राहत असाल तर हे आणखी महत्त्वाचं. मशीन गाडीवर टाकून प्रत्येक वेळी नागपूरला आणणं परवडत नाही. दोन मशीन कापडाच्या चाचणीत सारख्या उतरल्या, तर ज्या कंपनीचा मिस्त्री जवळ तीच घ्या, थोडी महाग असली तरी.

जुनी मशीन घेताना चाचणी हीच. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा सिंगरचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पण तिथल्या बिडाच्या मशीन अजून शिवतात. चाक हलकं फिरतंय का आणि सुईदांडा बोटाने हलतोय का, हे पाहिल्याशिवाय भाव करू नका.

पैसे देताना बिलावर मशीनचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि हमीपत्रावर दुकानाचा शिक्का मारून घ्या. हेडची हमी आणि मोटरची हमी वेगवेगळ्या मुदतीची असू शकते, म्हणून दोन्ही वेगळ्या लिहून मागा. पहिली सर्व्हिस फुकट आहे का, आणि मिस्त्री घरी येणार की मशीन दुकानात न्यावी लागणार, हेही तिथेच ठरवून घ्या.