नेट अडलं? आधी ठरवा, दोष आत की बाहेर

टेलिफोन एक्स्चेंजच्या टेस्ट डेस्कवर माझी बरीच वर्षं गेली. समोर मीटर, कानाला हेडसेट आणि तक्रारींच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. बहुतेक चिठ्ठ्यांवर तीनच शब्द: ‘फोन बंद आहे.’ लाइनमनला धाडण्याआधी मला एवढंच ठरवायचं असे, की दोष एक्स्चेंजच्या आत आहे की बाहेर. ते न ठरवता माणूस पाठवला, तर बिचारा दिवसभर धडधाकट खांबांवर चढउतार करायचा.

युक्ती काट्याची होती. ग्राहकाच्या फोनपर्यंत जाणाऱ्या दोन तांब्याच्या तारांच्या जोडीवर बॅटरी द्यायची आणि झटकन उलटी करायची. फोनच्या घंटीसोबत एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, असतो. तो उलटा भरताना मीटरचा काटा टुणकन उसळायचा. उसळला, म्हणजे तांब्याची जोडी पार फोनपर्यंत शाबूत. नुसता थरथरला, म्हणजे तार मध्येच कुठेतरी तुटलेली.

तांबं जाऊन फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारा काचेचा तंतू, आलं, पण काटा अजून आहे. त्याचं नाव पिंग. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि नाव घेतलं पाणबुड्यांच्या सोनार यंत्राच्या आवाजावरून. हाक मारायची आणि ‘ओ’ किती वेळात येते ते मोजायचं.

तर संगणकावर कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनल उघडा. पहिली हाक घरच्या राउटरलाच. पिंग लिहा, जागा सोडा, राउटरचा पत्ता लिहा. तो बहुधा राउटरच्या बुडाच्या लेबलवर सापडतो, पुष्कळदा १९२.१६८.१.१ असतो. विंडोज चार हाका मारून गप्प बसतं. चार हाकांत काही कळत नाही. पत्त्यानंतर जागा सोडून आडवी रेघ आणि टी हे अक्षर जोडलं की ते अखंड चालतं. दोन मिनिटं चालू द्या, मग कंट्रोल आणि सी दाबून थांबवा.

आकडे मिलिसेकंदांत येतात. वाय-फायवर दहाच्या आतबाहेर राहिले तर ठीक. मधूनच दोनशे, तीनशे, मग उत्तरच नाही, असं दिसलं तर दोष घरात आहे. कंपनीशी भांडायची वेळ अजून आलेली नाही. राउटरला केबल लावून तेच पुन्हा करा. केबलवर १ आणि वाय-फायवर उड्या, म्हणजे घोळ हवेत आहे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल धरायचे तर १, ६ आणि ११ एवढेच, आणि शेजारपाजारचे सगळे तिथेच गर्दी करून बसलेले. ५ गिगाहर्ट्‌झवर जा. भिंती ओलांडताना तो लवकर दमतो, म्हणून राउटर जवळ आणा.

घरात सगळं ठीक, तर दुसरी हाक बाहेर: ८.८.८.८, गूगलचा सार्वजनिक डीएनएस. तिथून उत्तर येतंय पण वेबसाइट उघडत नाहीत, तर रस्ता चांगला आहे, डिरेक्टरी बिघडलीय. नावावरून आकडी पत्ता शोधून देणं हे डीएनएसचं काम. राउटरमध्ये डीएनएसचा पत्ता बदलून बघा. या एका दोषासाठी लोक नवे राउटर विकत घेताना मी पाहिलेत.

उत्तरच नाही आणि फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल हरवल्याचा) लाल दिवा पेटलाय, तर आतपर्यंत प्रकाशच पोचत नाहीये. माझ्याकडे हे झालं तेव्हा मी आधी एक्स्चेंजवाल्यांना मनातल्या मनात नावं ठेवली, मग कपाटामागे पाहिलं. आदल्या दिवशी मीच कपाट भिंतीला सरकवलं होतं आणि मागची वायर काटकोनात दुमडली होती. काच न तुटताही तीव्र वळणावर प्रकाश बाहेर गळतो. सहा सेंटिमीटरपेक्षा अरुंद वेटोळं करू नका. वायरीच्या टोकात डोळा घालून ‘प्रकाश येतोय का’ हे तर मुळीच बघू नका: डोळ्याला न दिसणारा लेझर असतो तो.

आता खरी गंमत. माझ्या काळात एका कॉलला एक अख्खी वाट मिळायची. डिजिटल एक्स्चेंजात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ किलोबिट तुमच्या नावाने राखून ठेवलेले, तुम्ही गप्प बसलात तरी. वाटा संपल्या की एंगेज टोन. उद्धट होता, पण प्रामाणिक होता. आजचं जाळं पॅकेटचं, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांचं: कोणालाच नाही म्हणत नाही, सगळ्यांना रांगेत उभं करतं. म्हणून रिकाम्या वेळी केलेली स्पीड टेस्ट मला तरी निरुपयोगी वाटते. पिंग चालू ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून मोठा व्हिडिओ अपलोड करायला लावा. २० चे ४०० झाले, तर तुमचे कॉल का तुटतात ते कळलं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार बोलण्याचा उशीर एका दिशेने १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. माझा फोन रात्री फोटोंचा बॅकअप घ्यायचा आणि नेमकं तेव्हाच बहिणीचं बोलणं तुटायचं. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस नावाची, रांग आटोक्यात ठेवणारी सोय असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. वेग थोडा जातो, रांग विरते.

अंतराला मात्र दोष देऊ नका. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. ५,००० किलोमीटरवरचा सर्व्हर जाऊन-येऊन ५० मिलिसेकंद घेणारच.

आणि वीज. जुन्या फोनला एक्स्चेंजची ४८ व्होल्टची बॅटरी तारेवाटेच मिळायची, म्हणून घरात अंधार असला तरी तो चालायचा. काचेतून वीज येत नाही. यूपीएस राउटरला लावताना फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही लावा. पुष्कळजण तो विसरतात.

एवढं करूनही दोष बाहेरच निघाला, तर तक्रार अशी लिहा: ‘केबलवर राउटरपर्यंत १ मिलिसेकंद, एकही हाक हरवली नाही. ८.८.८.८ ला शंभरातल्या ८ हरवतात, रोज रात्री नऊनंतर. लाल दिवा नाही.’ अशी चिठ्ठी माझ्या डेस्कवर आली असती, तर गठ्ठ्यातून तीच आधी उचलली असती.