घरासाठी प्रिंटर घेताय? आधी शाईचा भाव विचारा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, कॉम्प्युटरच्या बाजारात, दुकानदार पहिल्यांदा दाखवतो तो सगळ्यात स्वस्त प्रिंटर. तो बघा, पण किंमत विचारायची ती त्याच्या शाईची.

त्याआधी घरी एक हिशोब करा: महिन्याला किती पानं छापता? मुलांचे प्रोजेक्ट, सोसायटीचे कागद, रेल्वेची तिकिटं, सगळं धरून. आकडा पाच-दहाच्या पुढे जात नसेल तर स्टेशनजवळचा झेरॉक्सवाला बरा. वन-रूम-किचनमध्ये तेवढी जागाही वाचेल.

जास्त छापत असाल तर भागाकार करा. कार्ट्रिजची, म्हणजे शाईच्या डबीची, किंमत भागिले तिच्यावर लिहिलेली पानं. समजा, काळी कार्ट्रिज ८४० रुपयांची आणि पानं १२०, म्हणजे पानाला सात रुपये. इंक टँकवाल्या प्रिंटरमध्ये डबीऐवजी टाकी असते आणि तीत बाटलीने शाई ओततात. ती बाटली समजा ४५० रुपयांची आणि पानं ४५००, म्हणजे पानाला दहा पैसे. कागद दोन्हीकडे सारखाच. टँकवाला प्रिंटर आठ हजारांनी महाग असला तरी साधारण ११६० पानांत फरक भरून निघतो. महिन्याला शंभर पानं असतील तर वर्षभरात. चाळीस असतील तर जवळजवळ अडीच वर्षं लागतात. आकडे तुमच्या दुकानातले घाला.

खोक्यावरचा पानांचा आकडा मात्र जसाच्या तसा धरू नका. इंकजेटची, म्हणजे ओली शाई फवारणाऱ्या या दोन्ही प्रकारच्या प्रिंटरची, ही मोजणी ठरावीक नमुना पानं सलग छापून करतात. घरी आपण आज दोन पानं छापतो, मग पंधरा दिवसांनी एक. मधल्या काळात नोझल, म्हणजे शाई फवारणारी बारीक छिद्रं, सुकतात, मग प्रिंटर ती छिद्रं असलेलं हेड साफ करतो आणि त्यात शाई जाते. ती कागदावर न येता आतल्या पॅडमध्ये मुरते. काही प्रिंटर तर काळं पान छापतानाही थोडी रंगीत शाई वापरतात. तिन्ही रंग एकाच कार्ट्रिजमध्ये असतील तर पिवळा संपला की बाकीचे दोन शिल्लक असूनही ती अख्खी फेकावी लागते. मला तरी हा प्रकार सरळ लूट वाटतो.

फक्त काळंच छापायचं, तेही अधूनमधून, तर मोनो (एकरंगी) लेझर प्रिंटर घ्या. त्यात शाईऐवजी टोनर असतो. टोनर म्हणजे पावडर, ती सुकत नाही. फोटो मात्र विसरा.

घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. सोबतची शाई पूर्ण भरलेली आहे की सुरुवातीपुरती? आणि बाहेरची शाई भरली तर वॉरंटीचं काय?

घरी आणल्यावर इंकजेट बटणानेच बंद करा. भिंतीवरचा स्विच थेट बंद केला तर हेडवर झाकण बसत नाही आणि ते लवकर सुकतं. आठवड्याला एखादं रंगीत पान काढा. जून ते सप्टेंबर कागदाची उघडी रीम प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. मुंबईच्या दमट हवेत पानं एकमेकांना चिकटतात, दोन-दोन आत ओढली जातात आणि अडकतात. अडकलेलं पान हिसकून ओढू नका. मागचं झाकण असेल तर ते उघडून दोन्ही हातांनी सावकाश काढा.