प्रेसनोट छापून येत नाही? विद्यापीठाच्या जनसंपर्क कक्षात या चुका टाळा

विद्यापीठाची प्रेसनोट लावायची, कापायची की बाजूला ठेवायची हे ठरवणाऱ्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली आहेत. पलीकडच्या टोकाला बसणारी माणसं कशी काम करतात हेही जवळून पाहिलं आहे. एक जनसंपर्क अधिकारी, एखादा लिपिक, करारावरचा छायाचित्रकार आणि टायपिंग करणारा एक जण. एवढ्या बळावर दीक्षान्त समारंभापासून परीक्षेच्या गोंधळापर्यंत सगळं निभवायचं असतं. मेहनतीत ही माणसं कुठंच कमी पडत नाहीत. चुकतं ते एवढंच की प्रेसनोट साहेबांना दाखवण्यासाठी लिहिली जाते, आणि वाचणार असते सांगोल्याची किंवा शहाद्याची एखादी विद्यार्थिनी आणि तिचे आईवडील. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ इथंच आहे.

खरी बातमी शेवटून दुसऱ्या परिच्छेदात

नेहमीची प्रेसनोट अशी असते: ‘विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागाच्या वतीने आयोजित जलप्रदूषण : आव्हाने आणि उपाययोजना या विषयावरील एकदिवसीय कार्यशाळेचे उद्घाटन मा. कुलगुरू महोदयांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन करून उत्साहात संपन्न झाले. याप्रसंगी व्यासपीठावर...’ इथून पुढे नऊ नावं, प्रत्येकामागे पद. मग कुलगुरूंचं मनोगत, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत, प्रास्ताविक कोणी केलं, सूत्रसंचालन कोणी केलं. आणि आभारप्रदर्शनाच्या जरा आधी एक वाक्य: ‘विभागाने नदीकाठच्या गावांतील विहिरींचे पाणी विनामूल्य तपासून देण्याची सोय सुरू केली आहे.’

बातमी ही आहे! उपसंपादक तिथपर्यंत पोहोचतच नाही, कारण त्याच्यासमोर त्याच वेळी आणखी डझनभर प्रेसनोट पडलेल्या असतात. तीच बातमी अशी सुरू करा: ‘विहिरीचं पाणी पिण्यायोग्य आहे का, हे नदीकाठच्या गावांना आता विद्यापीठात फुकट तपासून मिळणार आहे.’ लगेच पुढं नमुना किती आणायचा, कशात आणायचा, कोणत्या वारी, कोणत्या इमारतीत, अहवाल किती दिवसांत मिळेल, चौकशीचा फोन कोणता. कार्यशाळेचं उद्घाटन कोणी केलं हे शेवटी दोन ओळींत. ही बातमी कापायला उपसंपादकाचा हात धजणार नाही.

यावर हमखास येणारी अडचण म्हणजे, ‘नाव वर नसलं तर साहेब रागावतात.’ अडचण खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. त्यावर चालणारा उपाय म्हणजे दोन मजकूर करणं. विद्यापीठाच्या वार्तापत्रासाठी आणि दप्तरासाठी सविस्तर वृत्तान्त, त्यात सगळी नावं, सगळी मनोगतं. वृत्तपत्रांना मात्र अडीचशे शब्दांची बातमी. पहिल्या पानावर किंवा जिल्हा पानावर ठळक लागलेली बातमी दोन-तीनदा साहेबांसमोर ठेवली की हा आग्रह आपोआप सैल होतो.

‘परीक्षा पुढे ढकलली’ एवढंच सांगणं

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथं. जुलैतला पाऊस, रेल्वे बंद, रस्ते पाण्याखाली, आणि सकाळी विद्यापीठाकडून निरोप येतो: ‘आजच्या परीक्षा पुढे ढकलण्यात आल्या आहेत, सुधारित वेळापत्रक यथावकाश जाहीर करण्यात येईल.’ आजच्या म्हणजे कोणत्या? सकाळच्या सत्रातल्या, की दुपारच्याही? फक्त लेखी, की प्रात्यक्षिकंसुद्धा? दूरस्थ शिक्षणाच्या विद्यार्थ्यांचं काय? उद्याचा पेपर ठरल्याप्रमाणे आहे का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच अनुत्तरित राहतो. मग पोरं रात्रभर एकमेकांना विचारत बसतात.

अशा निरोपात तारीख, वार, सत्र, विद्याशाखा आणि ‘उद्याच्या परीक्षा ठरल्याप्रमाणे होतील’ किंवा ‘होणार नाहीत’ हे वाक्य असलंच पाहिजे. ‘आज’, ‘उद्या’ हे शब्द तारखेशिवाय कधीच वापरू नका. परिपत्रकाचा फोटो व्हॉट्सॲपवरून तीन दिवसांनीही फिरत असतो, आणि तेव्हा त्यातला ‘आज’ भलताच दिवस होतो.

खोट्या परिपत्रकांचा त्रास तर आता नेहमीचाच झाला आहे. जुन्या परिपत्रकावरची तारीख बदलून कोणीतरी ते सोडून देतं; शिक्का, सही सगळं जागच्या जागी दिसतं. ‘विद्यार्थ्यांनी अफवांवर विश्वास ठेवू नये’ या वाक्याने काही साधत नाही, कारण अफवा कोणती आणि खरं काय हे त्यात कुठंच नसतं. खोट्या परिपत्रकाचा क्रमांक आणि विषय सांगा, ते खोटं आहे असं स्पष्ट लिहा आणि त्याच मजकुरात खरी तारीख द्या. आधीपासून एक सवय लावली तर आणखी बरं: प्रत्येक परिपत्रक आधी संकेतस्थळावर चढवायचं, मगच गटांत पाठवायचं, आणि पाठवताना फोटोऐवजी दुवा पाठवायचा. जे संकेतस्थळावर नाही ते विद्यापीठाचं नाही, हे विद्यार्थ्यांना एकदा ठाऊक झालं की निम्मी डोकेदुखी कमी होते.

संशोधनाला फुगवणं

प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींवर एखाद्या वनस्पतीच्या अर्काचा परिणाम दिसला. प्रेसनोटचं शीर्षक: ‘कर्करोगावर रामबाण औषध सापडले’. हे वाचून कोणाच्या घरात काय होतं याचा विचार करा. पेशंट असलेल्या घरातून विभागात फोन येतात, माणसं गाडी करून थेट प्राध्यापकांपर्यंत पोहोचतात, काही जण चालू असलेले उपचार थांबवण्याच्या गोष्टी करू लागतात. प्राध्यापकांना त्यांना परत पाठवावं लागतं.

पत्रकार बातम्या फुगवतात, असं विद्यापीठात सर्रास म्हटलं जातं. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढाकार घेऊन हे तपासलं आणि डिसेंबर २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. तिथल्या २० नामांकित विद्यापीठांनी २०११ मध्ये काढलेल्या, आरोग्याशी संबंधित ४६२ प्रेसनोट त्यांनी मूळ शोधनिबंधांशी ताडून पाहिल्या. ४० टक्के प्रेसनोटमध्ये वाचकाला दिलेला सल्ला निबंधात नव्हता इतका ठाम होता. ३३ टक्क्यांत दोन गोष्टींमधल्या नुसत्या संबंधाला कार्यकारणभाव ठरवलं होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या बाबतीत ३६ टक्क्यांत निष्कर्ष माणसांपर्यंत ओढून नेले होते. जिथं प्रेसनोटमध्ये फुगवटा होता, तिथं बातमीतही तो येण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. आणि जनसंपर्क अधिकाऱ्यांनी नीट लक्षात ठेवावं असं यात एक आहे: फुगवल्यामुळे बातमीला जास्त प्रसिद्धी मिळाली, असा पुरावा फारसा आढळला नाही. म्हणजे बदनामीचा धोका पत्करूनही हाती काही लागत नाही.

घाई हा याचाच दुसरा प्रकार. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने पत्रकार परिषद घेऊन स्टॅनली पॉन्स आणि मार्टिन फ्लाइशमन यांनी साध्या तापमानाला अणुसंमीलन, म्हणजे सूर्यात प्रचंड उष्णतेत घडणारी ऊर्जा देणारी प्रक्रिया, घडवल्याचं जाहीर केलं. शोधनिबंध तेव्हा प्रसिद्धही झाला नव्हता. जगभरातल्या प्रयोगशाळांनी ते करून पाहिलं. विश्वासार्ह पुनरावृत्ती कोणालाच जमली नाही. इतक्या वर्षांनंतरही पत्रकार परिषद आधी आणि निबंध नंतर, याचं उदाहरण म्हणून त्या विद्यापीठाचं नाव निघतं.

आपल्याकडे काय करता येईल? प्राध्यापकांना तीन प्रश्न लेखी विचारा. हे कशावर केलं: पेशी, उंदीर की माणसं? किती नमुन्यांवर? आणि या अभ्यासातून काय सिद्ध होत नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बातमीत तसंच्या तसं घाला. मसुदा छापायला देण्याआधी प्राध्यापकांना वाचून दाखवा. त्यांना लाजल्यासारखं वाटेल ते विशेषण काढून टाका.

निबंध मोठ्या नियतकालिकात येणार असेल तर ‘एम्बार्गो’ सांभाळायला हवा, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी बातमी बाहेर जाता कामा नये. इथं घड्याळाचा घोटाळा होतो. ‘नेचर’ची नेहमीची वेळ लंडनचे दुपारचे चार. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात आणि हिवाळ्यात साडेनऊ. ‘सायन्स’ची वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे दुपारचे दोन, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा, तेही तारीख उलटून. जिल्हा पानं त्याच्या बरीच आधी छपाईला गेलेली असतात. म्हणून प्रेसनोटवर सर्वांत वर भारतीय वेळ आणि तारीख ठळक लिहा, आणि ज्या पत्रकारांवर भरवसा आहे त्यांना मजकूर आदल्या दिवशी द्या.

ओळीने उभे अकरा जण

फोटोत अकरा माणसं, मध्ये पुष्पगुच्छ, मागे फ्लेक्स. दोन कॉलमांत छापला की एकाचाही चेहरा ओळखू येत नाही. त्याच कार्यक्रमात पाण्याचा नमुना तपासणारी विद्यार्थिनी, तिच्या हातातली परीक्षानळी, बाजूला उभा असलेला शेतकरी असा एक फोटो काढा. तो नक्की लागतो. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर दाबला जाऊन फिका पडतो, तेव्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने पाठवा. फोटोओळीत नावं डावीकडून क्रमाने द्या आणि पाठवण्यापूर्वी त्या कार्यक्रमाला हजर असलेल्या कोणाकडून तरी तपासून घ्या. चुकीच्या माणसाखाली चुकीचं नाव छापलं गेलं तर ती खपली फार काळ जात नाही.

सही-शिक्क्याचा स्कॅन

अजूनही काही विद्यापीठांतून मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये येतो, किंवा लेटरहेडवर छापून, सही करून, स्कॅन केलेला पीडीएफ येतो. उपसंपादकाला तो पुन्हा टाइप करावा लागतो. रात्री नऊ वाजता हे कोणी करत नाही. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारखाच वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलताना जोडाक्षरं मोडतात, आकडे बिघडतात, आणि बिघडलेला आकडा परीक्षेच्या तारखेतला असेल तर दुसऱ्या दिवशी सगळा दोष विद्यापीठावर येतो. मजकूर युनिकोडमध्ये, ईमेलच्या अंगातच चिकटवून पाठवा. सहीचा पीडीएफ सोबत जोडायला हरकत नाही. टायपिंग करणाऱ्याला जुन्या कीबोर्डची सवय असेल तर त्याच मांडणीने युनिकोड टाइप करता येतं. त्याच्यासाठी तेवढी सोय करून द्या.

नावं आणि पदं

राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती म्हणजे राज्यपाल आणि कामकाजाचे प्रमुख कुलगुरू. हिंदीत मात्र अनेक ठिकाणी कुलगुरूंनाच ‘कुलपति’ म्हणतात, त्यामुळे हिंदी मजकुरावरून मराठी बातमी करताना गफलत होते. हिंदी प्रेसनोट वेगळी तपासा. पदभार तात्पुरता असेल तर ‘प्रभारी’ लिहाच.

विद्यापीठाचं नाव पहिल्या उल्लेखात पूर्ण हवं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव कसं मिळालं ते विसरू नये: विधिमंडळात ठराव झाला १९७८ मध्ये आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या वर्षांत लोकांनी मार खाल्ला, घरं जळाली, जीव गेले. तिथं ‘जागा पुरत नाही’ म्हणून नाव तोडणं मला कधीच पटलं नाही. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या आणि सोलापूरच्या अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचंही तसंच. कोल्हापूरचं मात्र ‘शिवाजी विद्यापीठ’ एवढंच अधिकृत नाव आहे; आदराने का होईना, त्यात परस्पर भर घालू नये.

वाईट बातमी आली की फोन बंद

२०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या वेळी मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. निकाल रखडले, राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. पुढच्या प्रवेशाच्या आशेवर थांबलेल्या मुलांचे हाल झाले. अशा काळात जनसंपर्क कक्षाला निकाल लावता येत नाहीत. पण रोज ठरलेल्या वेळी, समजा संध्याकाळी सहाला, कोणत्या विद्याशाखेचे किती निकाल लागले, किती बाकी आहेत आणि उद्या कोणते अपेक्षित आहेत, एवढी यादी देता येते. नवीन काहीच नसेल तर ‘आज एकही निकाल नाही’ हेही सांगावं. फोन उचलला नाही तर वार्ताहर कर्मचाऱ्यांकडून, संघटनांकडून, जिथून मिळेल तिथून माहिती घेतो, आणि त्यातली अर्धी कच्ची असते.

खुलाशाचीही एक ठरावीक चूक आहे. ‘सदर वृत्त तथ्यहीन व खोडसाळ आहे’ असं पत्र येतं, पण खरा आकडा त्यात नसतो. अशा पत्राने बातमी खरी असावी असंच वाचकाला वाटतं. बातमीत ३० जागा रिक्त लिहिल्या असतील आणि प्रत्यक्षात २२ असतील तर २२ लिहा, कोणत्या विभागात तेही लिहा. आधी वार्ताहराशी बोला. थेट संपादकांकडे किंवा मालकांकडे तक्रार गेली की चूक सुधारली जाईलही, पण तो वार्ताहर तुमचा फोन पुन्हा मोकळेपणाने उचलणार नाही.

एक सावधगिरी घाईतही सोडू नका. शिष्यवृत्तीची, वसतिगृहाची किंवा गैरप्रकाराच्या चौकशीची यादी बाहेर देताना विद्यार्थ्यांचे मोबाइल क्रमांक, बैठक क्रमांक, जातीचा प्रवर्ग हे रकाने आधी काढून टाका. एकदा यादी गटात गेली की ती परत येत नाही.

कात्रणांवरून काम मोजणं

सकाळी आल्यावर कात्रणं कापायची, फाइल करायची, वर पाठवायची. यात दिवसाचे पहिले दोन तास जातात. कात्रणं ठेवावीत, पण सोबत एक वहीही ठेवा: आज विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी फोन करून काय विचारलं. एकच प्रश्न तीनदा आला, तर आदल्या दिवशीच्या प्रेसनोटमध्ये तो सुटला होता असं समजून त्याच दुपारी त्याचं उत्तर पाठवा. आणि आठवड्यातून एक फेरी विभागांत मारा, कार्यक्रम नसतानाची. विहिरींच्या पाण्यासारख्या बातम्या विभागातला माणूस स्वतःहून सांगत नाही. त्याच्या लेखी ते रोजचं काम असतं, ते विचारून काढावं लागतं.